इंग्रजी वाचन : ‘खोटं कोण बोलतंय?’ हा घटक वर्गात कसा घ्यावा

खडू_डस्टर

मराठी माध्यमातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी उतारा दिला की बहुतेक जण प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो सापडला ते वाक्य जसंच्या तसं उतरवतात. कृतिपत्रिकेतल्या साध्या माहितीच्या कृतीला हे चालून जातं, पुढच्या कृतीपासून गाडी अडते. वाक्य सापडतं, पण ते कोण म्हणतंय, त्याला ते कसं माहीत, आधीच्या वाक्याशी ते जुळतं का, याकडे लक्ष नसतं. खोटं बोलण्याचा विषय घेतला की याकडे लक्ष द्यावंच लागतं. एरवी ‘उतारा पुन्हा वाचा’ म्हटलं की मुलं कंटाळतात. इथे कोण खोटं बोलतंय हे पुन्हा वाचल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे ती आपणहून वाचतात.

३५ मिनिटांच्या दोन तासिकांचा घटक देत आहे. मजकूर मराठीत सांगतो, इंग्रजीत तो छोट्या वाक्यांत लिहून घ्या.

प्रसंग असा : शाळेच्या ग्रंथालयाची एक खिडकी उघडी राहिली आणि रात्रीच्या पावसात पुस्तकं भिजली. चार जणांचे जबाब आहेत.

सेवक : मी आधी सगळ्या खिडक्या लावल्या, मग चार वाजेपर्यंत ग्रंथालय झाडत होतो. झाडत असताना रवी आला. उकडतंय, एक खिडकी उघडा म्हणाला. मी नाही म्हटलं. चारला घंटा द्यायला गेलो.
रवी : चारला दहा कमी असताना मी ग्रंथालयात एकटाच होतो. खिडकी आधीच उघडी होती. दहा मिनिटं वाचलं आणि निघालो.
आशा : चार वाजून पाच मिनिटांनी पुस्तक परत करायला गेले. रवी खिडकीपाशी बसला होता. पडदा ओढलेला होता.
ग्रंथपाल : साडेतीनपासून शेजारच्या खोलीत बैठकीत होते. चारच्या जरा आधी ग्रंथालयातून दोघांचं बोलणं ऐकू आलं. सव्वाचारला आले, आत कोणी नव्हतं, पडदा न सरकवता कुलूप लावलं.

प्रत्येक जबाब इंग्रजीत ८० ते ९० शब्दांचा करा आणि ओळींना क्रमांक द्या. क्रमांक नसले तर पुढचं सगळं कोसळतं, कारण पुरावा दाखवायला जागाच राहत नाही. विनामदत वाचनासाठी ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, हा आकडा हू आणि नेशन या दोन संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासापासून वापरात आहे. त्या हिशेबानं ९० शब्दांत दोनहून जास्त अनोळखी शब्द नकोत. जास्त असतील तर अर्थ खाली द्या किंवा शब्द बदला.

पहिली तासिका. ४० मुलांत प्रत्येक जबाबाच्या १० प्रती. एकाच जबाबाची मुलं एकत्र बसतात आणि १२ मिनिटांत तक्ता भरतात. रकाने पाच : कोण, कुठे, किती वाजता, सोबत कोण, आणि ‘कसं कळलं’. पाचव्यात तीनच पर्याय : पाहिलं, ऐकलं, अंदाज. सगळ्यात जास्त शिकवणारा रकाना हाच. ग्रंथपालांनी दोन आवाज ऐकले, माणसं पाहिली नाहीत, हा फरक इथे पकडला जातो.

मग जबाबाचे कागद परत घ्या. हे विसरू नका. कागद हातात राहिले तर पुढच्या गटात जो उत्तम वाचतो तो चारही जबाब मोठ्यानं वाचून टाकतो आणि बाकीचे ऐकत बसतात. आता चार वेगवेगळ्या जबाबांचे चौघे एकत्र बसून फक्त तक्त्यावरून सांगतील. चर्चा मराठीत झाली तरी हरकत नाही.

दुसऱ्या तासिकेला चारही जबाब प्रत्येक गटाला द्या. निष्कर्षासोबत ओळ क्रमांक हवा आणि ती ओळ इंग्रजीत वाचून दाखवायची. क्रमांकाशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही. हा नियम आधीच सांगितला नाही तर बरेच गट सेवकावर घसरतात, आणि त्याला मजकुरात कसलाही आधार नसतो.

वेळेच्या विसंगती दोन आहेत. सोपी : रवी म्हणतो दहा मिनिटांत निघालो, म्हणजे चारला, आशाला तो चार वाजून पाचला दिसतो. अवघड : रवी म्हणतो चारला दहा कमी असताना एकटा होतो, पण सेवक तेव्हा तिथे झाडत होता.

ही अवघड विसंगती एका शब्दावर उभी आहे. इंग्रजीत सेवकाचं वाक्य ‘आय स्वेप्ट द लायब्ररी अनटिल फोर’ असं हवं. ‘आय हॅड स्वेप्ट द लायब्ररी बाय फोर’ असं लिहिलंत तर विसंगती नाहीशी होते. ‘बाय फोर’ म्हणजे चारच्या आत कधीतरी झाडून झालं. साडेतीनलाही झालं असेल. ‘अनटिल फोर’ म्हणजे तो चारपर्यंत तिथेच होता. मराठीत दोन्हीला ‘चारपर्यंत’ म्हणता येतं, म्हणून मुलं इथे फसतात. नियम सांगण्याआधी फळ्यावर साडेतीन ते चार अशी रेघ ओढा. ‘अनटिल’साठी पूर्ण रेघ ठळक करा, ‘बाय’साठी रेघेवर कुठेही एक ठिपका द्या आणि विचारा, चारला दहा कमी असताना सेवक कुठे होता?

दोन_तुकड्या

वर्गात ६२ मुलं, झेरॉक्सला पैसे नाहीत. बाकं हलवायला जागा नाही. कसं करायचं?

खडू_डस्टर

चारही जबाब मोठ्या कागदावर लिहून वर्गाच्या चार कोपऱ्यांत लावा. बाकावरच्या चौघांनी एकेक कोपरा वाटून घ्यायचा. कोपऱ्यात जाऊन वाचायचं, जागेवर येऊन तक्ता भरायचा, अडलं तर पुन्हा जायचं. वही कोपऱ्यात न्यायची नाही. वही नेली की वाचन थांबतं आणि नक्कल सुरू होते. एका वेळी एकाच बाजूच्या रांगा उठवा, नाहीतर एका कागदापुढे १५ जण उभे राहतात आणि मागच्यांना काही दिसत नाही. अक्षर मागच्या मुलालाही वाचता येईल एवढं मोठं हवं. इतक्या मोठ्या अक्षरात ९० शब्द बसत नाहीत, तेव्हा जबाब ५० शब्दांवर आणा.

शब्दकळा

घटक घेण्याआधी शब्दांची एक तासिका लागेलच. मराठीच्या वळणामुळे जिथे वाट चुकते तेवढ्याच जागा लिहिते.

आपण खोटं ‘बोलतो’, म्हणून मुलं ‘स्पीक अ लाय’ किंवा ‘से अ लाय’ लिहितात. इंग्रजीत ‘टेल अ लाय’. जोडी म्हणूनच पाठ करून घ्यावी.

‘लाय’ ही दोन क्रियापदं आहेत. खोटं बोलणं : लाय, लाइड, लाइड. पडून असणं : लाय, ले, लेन. ‘लायिंग’ मात्र दोन्हीचं एकच. या घटकाच्या उताऱ्यात ‘चाव्या टेबलावर पडल्या होत्या’ यासाठी ‘लायिंग’ वापरू नका. नाहीतर चाव्या खोटं बोलल्या असा अर्थ लावणारी मुलं निघतात, आणि त्यांची चूक तर्काला धरूनच असते.

सर्वात महाग पडणारी चूक ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ यांत होते. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘नाकारणे’. पण ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतलेच नाहीत असं तो म्हणाला, आणि ‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ म्हणजे देऊ केलेले पैसे त्यानं घेतले नाहीत. पहिल्यात त्याच्यावर आरोप आहे, दुसऱ्यात तो प्रामाणिक ठरतो. एका शब्दानं उतारा उलटा होतो.

नकारार्थी प्रश्नाचंही तेच. ‘डिड्न्ट यू ओपन द विंडो?’ याला मराठी वळणानं ‘हो, नाही उघडली’ असं उत्तर येतं. इंग्रजीत ‘येस’ म्हटलं की उघडली. जबाब संवादरूपात लिहिणार असाल तर रवीला विचारलेला असा एक प्रश्न जरूर घाला, पण आधी तो तोंडी घोकून घ्या.

‘व्हाइट लाय’ला मराठीत नेमका एक शब्द नाही. ‘पांढरं खोटं’ असं भाषांतर करून देऊ नका. पाहुण्याला भाजी आवडली नाही आणि तरी तो छान झाली म्हणतो, एवढा प्रसंग पुरे. उलट आपल्याकडे छटा भरपूर आहेत : थाप मारणं, लोणकढी थाप, बाता मारणं, वेळ मारून नेणं, सारवासारव. आधी या मराठी छटांचे प्रसंग मुलांकडून लिहून घ्यावेत आणि मग ‘फिब’, ‘ब्लफ’, ‘एग्झॅजरेट’, ‘मिसलीड’, ‘प्रिटेंड’ त्यांपुढे बसवून पाहावेत. जे नीट बसत नाहीत तिथेच चर्चा रंगते. सारवासारव तर एका इंग्रजी शब्दात बसत नाही, वाक्यच करावं लागतं.

मधली_सुट्टी

शब्दकळा, यात सांगणाऱ्या क्रियापदांचे तीन कप्पे जोडा. पहिल्यात ‘अ‍ॅडमिट’, ‘रिअलाइज’, ‘नो’ : पुढे येणारी गोष्ट लेखक खरी धरून चालतो. दुसऱ्यात ‘से’, ‘क्लेम’, ‘इन्सिस्ट’ : खरी की खोटी, उघडं आहे. तिसऱ्यात ‘प्रिटेंड’ : खोटीच. ‘रवी अ‍ॅडमिटेड ही वॉज देअर’ आणि ‘रवी क्लेम्ड ही वॉज देअर’ यांपुढे मुलांनी फक्त १, २ किंवा ३ लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ते झालं की बातमी वाचताना मुलं क्रियापदापाशी थांबायला लागतात.

आणि मराठीतलं एक हत्यार आपण वापरतच नाही : ‘म्हणे’. ‘ड्रायव्हरनं म्हणे सिग्नल तोडला.’ मी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत येतं. ‘अलेजेडली’, ‘रिपोर्टेडली’, ‘अपॅरंटली’ हे शब्द मुलं ‘ली’चं शेपूट दिसलं की ओलांडून जातात. इंग्रजी बातमीतून अशी पाच वाक्यं काढा. ती मराठीत एकदा ‘म्हणे’ घालून आणि एकदा न घालता सांगायला लावा, मग विचारा की न घालता छापलं तर वर्तमानपत्र अडचणीत का येईल. फरक मात्र सांगून ठेवा : ‘म्हणे’त किंचित अविश्वास असतो आणि ते घरगुती आहे. ‘अलेजेडली’ला छापील मराठीत ‘कथित’ किंवा ‘असा आरोप आहे’ जवळचं, ‘रिपोर्टेडली’ला ‘असं समजतं’.

नाही_दिलेलं

मूळ धाग्यात एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते या घटकाचा खरा फायदा तिथेच आहे. चार जबाबांवरून रवी खोटं बोलला हे ठरतं. खिडकी रवीनंच उघडली हे ठरत नाही. तसं एकाही ओळीत नाही. चार वाजून पाच मिनिटांनी आशासुद्धा तिथे होती.

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ हा प्रकार छळतो. वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात, आणि या प्रकारात वेळ जातो तो ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ या घोळात. ‘फॉल्स’ म्हणजे उतारा त्याच्या उलट सांगतो, आणि उलट सांगणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. ‘नॉट गिव्हन’ म्हणजे उतारा त्याबद्दल काहीच सांगत नाही. मुलं दुसऱ्याला पहिलं समजतात, कारण ‘दिलेलं नाही’ आणि ‘खरं नाही’ हे त्यांना एकच वाटतं. खिडकीच्या प्रसंगात हा फरक मनाला टोचतो, कारण चुकीचं उत्तर म्हणजे एका मुलावर पुराव्याशिवाय आळ.

सहा विधानं द्या, प्रत्येक प्रकारची दोन. ‘सेवकानं खिडकी उघडायला नकार दिला’ : ट्रू. ‘ग्रंथपालांनी चारच्या जरा आधी रवीला पाहिलं’ : फॉल्स, कारण त्या तेव्हा बैठकीत शेजारच्या खोलीत होत्या आणि फक्त आवाज ऐकले. ‘रवीनं खिडकी उघडली’ : नॉट गिव्हन. यावर वाद होईल, होऊ द्या. वाद मिटवायचा तो ओळ क्रमांकानं. ‘पण सर, त्यालाच उकडत होतं’ असं कुणी म्हणेल. तो अंदाज चांगला आहे, तक्त्याच्या पाचव्या रकान्यात ‘अंदाज’ म्हणून लिहून घ्या, पण ‘ट्रू’ नाही.

याच सवयीसाठी पॉलिग्राफवर, म्हणजे ‘लाय डिटेक्टर’ म्हणतात त्या यंत्रावर, १२० शब्दांचा उतारा करता येतो. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पोलीस खात्यातल्या जॉन लार्सन यांनी हे यंत्र बनवलं. ते रक्तदाब, नाडी, श्वास यांतले बदल नोंदवतं. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही असं ठरवलं. विधान द्या : ‘हे यंत्र खोटं नोंदवतं.’ बहुतेक जण ‘ट्रू’ लिहितील, कारण नावच लाय डिटेक्टर. उतारा मात्र फक्त शरीरातल्या बदलांबद्दल बोलतो.

बालसभा

खोटं कसं पकडावं हे शिकवण्यापेक्षा ‘लांडगा आला रे आला’ सारखी गोष्ट घ्यावी. इंग्रजी सोपी असते आणि मुलांवर संस्कारही होतो.

तळटीप

बालसभा, गोष्ट जरूर घ्या, पण संस्काराच्या बाजूनं एक निष्कर्ष माहीत असावा. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या २६८ मुलांवर प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना खेळणं चोरून बघण्याचा मोह होईल अशी वेळ आणली, मग गोष्ट सांगितली आणि विचारलं, बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं ससा-कासवाची गोष्ट ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली बोलली. त्या गोष्टीत झाड तोडल्याचं खरं सांगितल्याबद्दल छोट्या जॉर्जचं कौतुक होतं. शेवट बदलून खोटं बोलण्याचे वाईट परिणाम दाखवले तेव्हा हा फरक गेला.

हा मजकूर नववीला कारण-परिणाम वाचनासाठी उत्तम आहे. पूर्ण झाल्यावर आणखी चार ओळींचा कागद द्या : चेरीच्या झाडाची गोष्ट मेसन लॉक वीम्स यांनी लिहिलेल्या वॉशिंग्टन-चरित्राच्या १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्यांदा आली आणि ती घडल्याचा पुरावा नाही. खरेपणा शिकवणारी गोष्टच रचलेली! इथे मुलांना आपला तक्ता पुन्हा काढावासा वाटतो, ‘कसं कळलं’ या रकान्यासाठी.

आकड्यांचं वाचन हवं असेल तर दोन छोटे परिच्छेद शेजारी ठेवा. पहिला : बेला डीपॉलो आणि सहकारी, अमेरिका, १९९६. ७७ महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ७० इतर लोकांनी आठवडाभर रोजनिशीत आपलं खोटं नोंदवलं. विद्यार्थ्यांचं रोज सुमारे दोनदा, इतरांचं सुमारे एकदा. दुसरा : सेरोटा, लेव्हाइन आणि बोस्टर, अमेरिका, २०१०. १,००० प्रौढ, सरासरी दिवसाला १.६५, पण सुमारे ६० टक्के लोकांनी गेल्या २४ तासांत एकदाही खोटं बोललो नाही असं सांगितलं.

मुलं म्हणतील की दुसरा परिच्छेद स्वतःलाच खोटं पाडतो. मग फळ्यावर दहा जण काढा : सहा जणांचे शून्य, उरलेल्यांचे १, २, ३ आणि १०. बेरीज १६, सरासरी १.६. गणितातली सरासरी इथे वाचनाच्या कामी येते, आणि ‘माणूस सरासरी दिवसाला दीडदा खोटं बोलतो’ असा मथळा का फसवा आहे ते पोरांना स्वतः सांगता येतं.

आधी नजर फिरवण्याचं वाचन, ४० सेकंद, फक्त आकड्यांभोवती गोल. मग दोन मिनिटं, प्रत्येक आकडा कशाचा ते लिहायचं. ४० सेकंदांच्या आत कुणी पूर्ण वाक्य वाचायला लागलं तर थांबवा; त्या कामाचा हेतू वेगळा आहे. ७७ आणि ७० पाठोपाठ येत असल्यानं अदलाबदल होणार, ते अपेक्षितच आहे. प्रत्येक आकड्यापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढायला लावा.

रिकामा_तास

‘नरो वा कुंजरो वा’ कुणीच कसं काढलं नाही? अर्धसत्याला त्याहून चांगलं उदाहरण कोणतं?

मधली_सुट्टी

उदाहरण चांगलंच आहे, धोका एवढाच की मुलांना ते आधीच माहीत असतं. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिर शेवटचे शब्द हळू म्हणाला, द्रोणांनी शस्त्र ठेवलं, चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. उतारा न वाचता सगळी उत्तरं येतात. म्हणून कथानकावर प्रश्न विचारूच नका. एकच काम द्या : युधिष्ठिराचं वाक्य शब्द न शब्द खरं असताना ते खोटं कुठे ठरतं, ते त्या शब्दाखाली रेघ ओढून दाखवा. ओळखीच्या कथेचा फायदा असा की डोकं गोष्ट समजण्यात अडकत नाही, पूर्ण लक्ष भाषेवर राहतं. दुबळ्या वाचकांसाठी घटकाची सुरुवातच यानं करावी.

जोडीला ‘खोटं बोलणारा नजर चुकवतो’ हा समज घ्या. ५८ देशांतल्या लोकांना विचारलं तेव्हा हेच उत्तर सर्वाधिक आलं होतं. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा लोकांचा खरं-खोटं ओळखण्याचा अंदाज १०० पैकी ५४ वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी ५० येतात. वाचण्याआधी मुलांचं मत हात वर करून घ्या, वाचल्यावर पुन्हा घ्या. आपल्याकडे मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं ही रीत आहे, हे मुलं आपणहून सांगतात. नाही सांगितलं तर विचारा.

शब्दकळा

एक सूचना सगळ्यांसाठी. ‘तुम्ही शेवटचं खोटं कधी बोललात’ हा प्रश्न वैयक्तिक प्रतिसादाच्या कृतीत ठेवू नका. मूल अडचणीत येतं, किंवा उत्तर बनवून लिहितं आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘रवीच्या जागी त्याचा मित्र असता तर त्यानं काय सांगावं?’ असं तिसऱ्या माणसाबद्दल विचारा. प्रसंगात चोरी नको. पैसे किंवा डबा हरवल्याचा जबाब दिला की वर्ग एखाद्या गरीब घरच्या मुलाकडे बघायला लागतो. वर्गात रवी किंवा आशा असतील तर नावं बदला.

दोन_तुकड्या

याला गुण कसे द्यायचे? १० गुणांत बसवायचं आहे.

खडू_डस्टर

बरोबर निष्कर्षाला २. दोन विसंगतींच्या ओळी दाखवल्याबद्दल प्रत्येकी २, म्हणजे ४. एकाच बाजूची ओळ दिली तर १, कारण विसंगतीला दोन ओळी लागतात. ‘कसं कळलं’ रकान्याला २. नाही_दिलेलं यांच्या सहापैकी ‘नॉट गिव्हन’च्या दोन विधानांना २. निष्कर्ष चुकला पण ओळी बरोबर असतील तर त्या ४ गुणांत काही कापू नका. स्पेलिंगचे गुण इथे नकोत, ते लेखनात घ्या.